दीर्घ आजारी जोडीदार आणि घरातील अपघात

दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाच्या घरात सर्वांचे लक्ष आजाराकडे लागलेले असते. औषधांच्या वेळा, पथ्यपाणी, तालुक्याच्या दवाखान्यातील फेऱ्या, तपासण्यांचे कागद यांतच दिवस सरतो. अपघात मात्र आजाराच्या वाटेने येत नाही. तो न्हाणीच्या उंबरठ्यावरून येतो, ओल्या शहाबादी फरशीवरून येतो, रात्री न लागलेल्या दिव्यामुळे येतो. डॉक्टरांनी ज्याची कल्पना दिलेली नसते आणि घरच्यांनी ज्याचा विचार केलेला नसतो असा हा प्रसंग बहुधा अवेळी ओढवतो, आणि त्या वेळी घरात दुसरे माणूस असते ते एकच : रुग्णाची पत्नी किंवा रुग्णाचा पती. मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात गेलेली, मुली सासरी. अशी दोघांचीच घरे आता गावोगाव आढळतात. म्हणून हा विषय केवळ वैद्यकीय राहत नाही. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि गावपातळीवरील कर्मचारी यांनीही तो समजून घेणे अगत्याचे आहे.

पडणे ही क्षुल्लक बाब मानण्याची आपली रीत आहे. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून झालेल्या इजेने दगावतात. अनवधानाने झालेल्या इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि साठी उलटलेल्या माणसांना हा धोका सर्वाधिक असतो. पक्षाघात, कंपवात, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोग, जुना मधुमेह यांपैकी काही जडलेले असेल, तर धोका आणखी वाढतो.

एक उदाहरण

विवेचनाच्या सोयीसाठी एक घर डोळ्यांसमोर आणू. निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय अडुसष्ट. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली. वाचाही अडखळते. काठीच्या आधाराने चार पावले टाकतात. पत्नी बासष्ट वर्षांची, स्वतः गुडघेदुखीने बेजार. रात्री साडेतीनचा सुमार. दिवसभर राबून तिचा नुकताच डोळा लागला आहे. तिला उठवायला नको म्हणून गुरुजी एकटेच लघवीला निघतात आणि न्हाणीच्या दाराशी उजव्या अंगावर कोसळतात.

आवाजाने ती धडपडत येते. पहिले काम कोणते करते? जे कोणीही करील तेच. त्यांच्या बगलेत हात घालून उचलू पाहते. ते जमत नाही म्हणून उजवा हात धरून ओढते. “अहो, उठा ना, थोडा जोर लावा!” असे विनविते. गुरुजी कण्हतात. तिला वाटते, हात लावल्यामुळे नव्हे, पडल्यामुळे दुखत असावे. म्हणून ती आणखी जोर करते.

या दोन-तीन मिनिटांत पडण्याने झाले नसेल तेवढे नुकसान होऊ शकते. लुळ्या पडलेल्या हाताच्या खांद्याला आधार देणारे स्नायू ढिले झालेले असतात. तो हात ओढला की खांद्याचा सांधा सरकतो आणि पुढे महिनोन् महिने ठणकत राहतो. खुब्याजवळ हाड मोडलेले असेल, तर उभे करण्याच्या खटपटीत तुटलेली टोके जागची हलतात. शिवाय साठ-पासष्ट किलोचा देह वाकून उचलताना उचलणारीच्याच कमरेत उसण भरली किंवा मणक्याला इजा झाली, तर त्या घरात एकाऐवजी दोन रुग्ण होतात. मग औषध कोण देणार आणि चूल कोण पेटविणार?

पडलेल्याला उचलणे ही मायेची प्रतिक्रिया आहे, हे खरेच. तरीही पडलेल्या रुग्णाला प्रथम उचलू नये, ही या विषयातील पहिली आणि सर्वांत अवघड शिकवण आहे.

जमिनीवरच काय पाहावे

दिवा लावावा आणि घड्याळ पाहावे. किती वाजता पडले, हे डॉक्टर हमखास विचारतात. नंतर रुग्णाशेजारी जमिनीवर बसावे. उभ्याने वाकून बोलू नये. खाली बसलेल्या माणसाचा चेहरा दिसला की पडलेल्याची भीती पुष्कळ ओसरते आणि बसणाऱ्याच्या हातांची थरथरही कमी होते. “हलू नका, मी इथेच बसले आहे,” एवढे सांगणे पुरेसे असते.

पहिली पाहणी शुद्ध आणि श्वास यांची. हाक मारून, खांद्याला हलका स्पर्श करूनही प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालू असेल, तर रुग्णास एका कुशीवर वळवावे, म्हणजे जीभ मागे पडून किंवा ओकारी होऊन गुदमरण्याचा धोका टळतो. वळविताना डोके, मान व धड एका रेषेत राहील अशी काळजी घ्यावी. श्वासच नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोराने दाब देत राहावे आणि मदतीसाठी आरडाओरडा करावा. कांदा हुंगविणे, तोंडावर पाणी मारणे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी वा दूध घालणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते.

रुग्ण शुद्धीवर असेल, तर कोठे दुखते ते विचारावे. गुरुजींसारख्या वाचा अडखळणाऱ्या रुग्णास लांबलचक प्रश्न विचारून उपयोग नसतो. त्याचा चांगला हात हाती घ्यावा. “डोके दुखते? होय असेल तर हात दाबा,” असा एकेक प्रश्न करावा. मग डोळ्यांनी पाहावे. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो काय? पाऊल बाहेरच्या बाजूस कलंडलेले आहे काय? तो पाय उचलता येत नाही काय? ही खुब्याजवळचे हाड मोडल्याची नेहमीची लक्षणे आहेत. लुळ्या बाजूचे हाड वापराअभावी ठिसूळ झालेले असते, त्यामुळे अर्धांगाच्या रुग्णात ते साध्या पडण्यानेही मोडते. अशा वेळी पाय सरळ करण्याचा, चोळण्याचा किंवा ‘मुरगळला असेल’ म्हणून शेक देण्याचा मोह आवरावा. पाय ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत दोन्ही बाजूंनी उशा व गोधड्या लावून स्थिर करावा आणि रुग्णवाहिकेस बोलवावे.

डोक्याला मार लागला असेल, तर एक प्रश्न स्वतःलाच विचारावा : रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेतो काय? हृदयविकार आणि पक्षाघात झालेल्या अनेकांना ती दिलेली असते. अशा रुग्णाच्या डोक्याला मार बसला की वरून जखम दिसो वा न दिसो, तो नीट बोलत असो वा नसो, त्याला रुग्णालयात दाखविलेच पाहिजे. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचते आणि लक्षणे काही तासांनी, कधी दिवसांनीही उमटतात. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, अवेळी झोपेची गुंगी, बडबड, आकडी यांपैकी काहीही दिसल्यास उशीर करू नये.

येथे एक बाब विसरली जाते. माणूस पडल्यामुळे आजारी होतो, तसाच तो आजारामुळेही पडतो. गुरुजींचे पडणे हा पक्षाघाताचा दुसरा झटका तर नव्हे? चेहरा एका बाजूस नव्याने वाकडा झाला आहे काय, आजवर चांगला असलेला हात खाली पडतो काय, बोलणे कालच्यापेक्षा अधिक बोबडे झाले आहे काय, हे पाहावे. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता आले, तरच सामान्यतः उपयोगी पडते. म्हणून घड्याळ पाहण्याचे महत्त्व. मधुमेही रुग्णाच्या रक्तातील साखर उतरली असेल, तर घाम, कापरे व गोंधळ ही चिन्हे दिसतात. तो पूर्ण शुद्धीवर असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. याव्यतिरिक्त मात्र हाड मोडल्याची शंका असताना चहा-पाणी देऊ नये. शस्त्रक्रिया करावी लागली, तर पोट रिकामे असणे बरे.

काहीच मोडलेले नसेल तर

पुष्कळदा इजा किरकोळ असते. रुग्ण शुद्धीवर आहे, वेदना नाही, हातपाय पूर्वीइतके हलतात, अशी खात्री झाल्यावरही त्याला उचलायचे नाही, तर उठण्यास मदत करायची. हा फरक शब्दांचा नाही. पाच-दहा मिनिटे तसेच पडू द्यावे. एक भक्कम खुर्ची आणावी, नसल्यास लाकडी पेटी. रुग्णाने प्रथम चांगल्या अंगावर वळावे, चांगल्या हाताचे कोपर टेकून बसते व्हावे, मग खुर्चीच्या बैठकीवर चांगला हात ठेवून गुडघ्यांवर यावे. चांगल्या पायाचे पाऊल पुढे टेकवून त्या पायाच्या जोराने अंग वर उचलावे. त्याच क्षणी मदतनिसाने मागून दुसरी खुर्ची सरकवावी. जोर सगळा रुग्णाचा. पत्नीचे काम खुर्ची सरकविण्याचे आणि धीर देण्याचे. हे जमत नसेल, तर शेजाऱ्यांची वाट पाहावी.

वाट पाहण्याचा अर्थ मात्र रुग्णास थंड फरशीवर सोडून देणे असा नव्हे. तासाहून अधिक काळ एकाच कुशीवर जमिनीवर पडून राहिल्यास दाब पडलेल्या जागी कातडी दुखावते, शरीर गारठते आणि फार वेळ गेला तर दबलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडावर ताण येतो. अंगावर घोंगडी घालावी, डोक्याखाली घडी सारावी आणि मोडतोड नसल्यास थोड्या थोड्या वेळाने किंचित कूस बदलावी.

रुग्णवाहिका आणि बाज

महाराष्ट्रात १०८ या क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. दूरध्वनी विनामूल्य असून रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. पोलीस, अग्निशमन व इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. घाबरलेला माणूस दूरध्वनीवर “लवकर या” एवढेच सांगतो आणि फोन ठेवतो, असा सार्वत्रिक अनुभव आहे. गाव, तालुका, वस्तीची ठळक खूण, रुग्णाचे वय, जुना आजार, शुद्ध आहे किंवा नाही, श्वास कसा आहे, एवढे सांगून पलीकडून ठेवण्यास सांगेपर्यंत फोन चालू ठेवावा. वाडीवस्तीवरचा पत्ता रात्री सापडत नाही. एखाद्या तरुणाला विजेरी देऊन फाट्यावर उभे करणे हा साधा उपाय पंधरा-वीस मिनिटे वाचवितो.

जेथे वाहन पोचत नाही, अशा डोंगराळ भागांत रुग्णाला झोळीत घालून नेण्याची पद्धत आहे. प्रसंगच तसा असतो, त्यामुळे तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र खुबा किंवा पाठीचा कणा मोडल्याची शंका असल्यास झोळीत अंग मध्येच वाकते आणि ते घातक ठरते. त्याऐवजी दाराची फळी किंवा ताठ विणलेली बाज घ्यावी, रुग्णाला चौघांनी सतरंजीसकट अलगद तिच्यावर सरकवावे आणि दोन पायांमध्ये घडी घालून रुंद पट्ट्यांनी पाय एकत्र बांधावेत.

“पोलीस केस होईल,” या धास्तीने काही घरे रुग्णालयात जाण्याचे टाळतात. ही भीती अनाठायी आहे. तातडीच्या रुग्णास, कागदोपत्री सोपस्कारांची वाट न पाहता, प्रथम उपचार देणे हे सरकारी व खासगी अशा दोन्ही डॉक्टरांचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये स्पष्ट केले आहे. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन दिवसांत व्हावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. ‘हाडवैद्याकडे बांधून घेऊ, मग बघू’ म्हणून घालविलेला आठवडा रुग्णाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकतो. खर्चाच्या चिंतेने हा विलंब होत असल्यास सदस्यांनी व शिक्षकांनी त्या घरास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती द्यावी. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना २०१३ मध्ये सर्व राज्यात लागू झाली. योजनेतील रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ नेमलेले असतात. शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन प्रथम त्यांनाच भेटावे. ही दोन कागदपत्रे, चालू औषधांची यादी आणि शेवटचा केसपेपर एका पिशवीत घालून ती खुंटीला टांगलेली असली, म्हणजे अपरात्री पेट्या उपसाव्या लागत नाहीत.

इतर अपघातांविषयी थोडे

पडण्याखेरीज आणखी काही अपघात विशिष्ट आजारांशी निगडित आहेत. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या हातातील फिस्टुला जागेवरून एकाएकी रक्त उसळले, तर त्यावर कापडाचे बोळेच्या बोळे गुंडाळू नयेत, कारण आत रक्त वाहत राहते आणि वर दिसत नाही. नेमक्या जागी बोटाने घट्ट दाबून धरावे, हात छातीपेक्षा उंच करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत दाब सोडू नये. जुन्या मधुमेह्याच्या तळव्यांना संवेदना नसते. गरम पाण्याच्या पिशवीने पाय भाजला तरी त्याला कळत नाही. भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. तूप, हळद, शाई, दंतमंजन यांपैकी काही लावू नये. ज्या घरी प्राणवायूचे यंत्र वा नळकांडे आहे, त्या खोलीत समई, उदबत्ती, विडी, काडेपेटी काहीही नको. प्राणवायू मुरलेले केस, पांघरूण व कपडे ठिणगीने भडकतात. देवघर त्याच खोलीत असेल, तर देव दुसरीकडे बसवावेत. वडीलधाऱ्यांना ही सूचना रुचत नाही, परंतु तिला पर्याय नाही. कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णाच्या बाबतीत उलट क्रम घडतो : पडल्याने हाड मोडत नाही, हाड मोडल्याने माणूस पडतो. म्हणून तेथे नव्याने सुरू झालेले मांडीचे किंवा पाठीचे दुखणे डॉक्टरांस आधीच सांगावे.

नंतरचे दिवस

अपघाताच्या रात्रीपेक्षा पुढील आठवडे अधिक कठीण असतात. या काळाविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. “मला डोळा लागला नसता तर...” हा विचार पत्नीला सोडत नाही. भेटीला आलेले नातेवाईकही नकळत त्याच जागी बोट ठेवतात : “तू कुठे होतीस?” तीन वर्षांतील सुमारे हजार रात्री ती जागीच होती, हा हिशेब कोणी मांडत नाही. पती शुश्रूषा करीत असेल, तर त्याला हा प्रश्न क्वचित विचारला जातो. त्याच्या वाट्याला कौतुक येते. मात्र पत्नीला स्नान घालणे, उठविणे-बसविणे या कामांची त्याला पूर्वी सवय नसते आणि शेजारणींना हाक मारण्याचा संकोच वाटतो. त्याची अडचण निराळी, पण तितकीच खरी.

तिकडे रुग्णाच्या मनातही अपराधी भाव असतो. आपल्यामुळे हिला त्रास, म्हणून त्याने एकट्याने जाण्याचे धाडस केले होते. आता तो गप्प होतो. ‘पडलो हे मुलाला कळवू नकोस,’ असे खुणेने सांगतो. पत्नीही ‘त्याला उगाच काळजी’ म्हणून दूरध्वनीवर सारे ठीक असल्याचे सांगते. लपविलेले पडणे ही दुसऱ्या पडण्याची पूर्वतयारी असते. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याचा संभव मोठा असतो, आणि कारण शोधल्याशिवाय तो घटत नाही. बाजेवरून उठताच भोवळ येते काय? झोपलेल्या स्थितीतून उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० अंशांनी किंवा खालचा १० अंशांनी उतरत असेल, तर ते महत्त्वाचे निदान होय. उपकेंद्रातील साध्या उपकरणाने ते करता येते. रक्तदाबाच्या, झोपेच्या आणि लघवी होण्याच्या गोळ्या अशा भोवळीस किंवा रात्रीच्या फेऱ्यांस कारण होतात. त्या परस्पर बंद करू नयेत. वेळ वा मात्रा बदलता येईल काय, हे डॉक्टरांस विचारावे.

भीतीपोटी आणखी एक चूक घडते. ‘आता उठायचेच नाही’ असा दंडक घातला जातो. प्रेमाने घातलेला हा दंडक महिनाभरात पायांतील उरलीसुरली शक्ती घालवितो. अंथरुणात जखमा होतात, छातीत कफ साठतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रुग्णास रोज उठविले पाहिजे, चालविले पाहिजे, मात्र सोबतीने. पडण्याचा थोडा धोका पत्करूनच चालणे टिकते, ही गोष्ट दोघांनी मिळून मान्य करावी लागते. काही घरांत त्यावरून वाद होतात. “मला कैदेत ठेवू नकोस,” असे रुग्ण म्हणतो आणि “पुन्हा पडलात तर मी कुठे पळू?” असे पत्नी विचारते. दोघांचेही म्हणणे बरोबर असते.

शुश्रूषा करणाऱ्याला चार तासांची अखंड झोप मिळणे हीदेखील अपघात टाळण्याचीच बाब आहे. सतत रडू येणे, चिडचिड, जेवणावरची वासना उडणे असे झाल्यास १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. ज्येष्ठांच्या अन्य अडचणींसाठी १४५६७ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

गावाने करावयाचे काम

घरातील फेरफार फार खर्चाचे नसतात. बाजेपासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा, सतरंजी व पायपुसणे उचलून टाकणे, बसल्यावर पावले पूर्ण टेकतील एवढ्या उंचीची घट्ट बाज, भिंतीत पक्की रोवलेली दांडी. न्हाणीच्या दाराविषयी मात्र विशेष सांगितले पाहिजे. गावोगाव बांधलेल्या लहान शौचालयांत दार आत उघडणारे असेल आणि रुग्ण आतच कोसळला, तर त्याच्या अंगामुळे दार अडते आणि बाहेरून ढकलताना त्यालाच मार बसतो. दार बाहेर उघडणारे असावे आणि आतली कडी बाहेरून काढता येईल अशी असावी. सुताराचे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. नव्या बांधकामांना मंजुरी देतानाच सदस्यांनी ते पाहिले, तर पुढे कोणाला सुतार शोधावा लागणार नाही.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून त्यांत कंपवाताचाही समावेश आहे. अर्धांगामुळे कायमचे अधूपण आलेल्यासही प्रमाणपत्र मिळू शकते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. हा निधी वर्षअखेरीस घाईने वाटून टाकण्याऐवजी आधाराच्या दांड्या, कमोडची खुर्ची, वॉकर यांसाठी वापरण्याचा विषय ग्रामसभेत मांडता येईल. अशी साधने गावाच्या मालकीची ठेवून गरजेप्रमाणे फिरती दिल्यास थोड्या निधीत अधिक घरांना उपयोग होतो.

या बाबतीत केरळचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. कोळिकोड येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या एका संस्थेच्या कामातून तेथे गंभीर रुग्णांच्या घरी जाऊन वेदना कमी करण्याची व कुटुंबास आधार देण्याची चळवळ उभी राहिली. गावातील स्वयंसेवक तिचा कणा ठरले. २००८ मध्ये त्या राज्याच्या शासनाने यासाठी धोरण जाहीर केले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी घरभेटी देणाऱ्या परिचारिकांची व्यवस्था केली. ‘पॅलिएटिव्ह केअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र शासनाने २०१२ मध्ये आखला. आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची व अशा रुग्णांची काळजी अंतर्भूत आहे. तेव्हा उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा कार्यकर्ती यांच्याकडे गावातील अंथरुणास खिळलेल्या रुग्णांची यादी असणे, आणि त्या यादीतील प्रत्येक घरी रुग्णासोबत कोण राहते याचीही नोंद असणे, ही अपेक्षा अवास्तव ठरू नये.

शिक्षकांना यात निराळे स्थान आहे. बेशुद्ध माणसास कुशीवर कसे वळवावे, १०८ वर काय सांगावे, हे सातवी-आठवीच्या मुलांना एका तासिकेत शिकविता येते. एक मुलगा खाली निजतो, दुसरा त्याला वळवितो, तिसरा खोटा फोन करून गावाचा पत्ता सांगतो. वर्गात हशा पिकतो, तो पिकू द्यावा. आजी-आजोबांच्या घरी रात्री एखादे नातवंडच सोबतीला झोपत असते.

पुन्हा त्या उदाहरणातील घराकडे वळू. गुरुजींचा खुबा मोडला होता असे धरले, तर शस्त्रक्रियेनंतर ते वॉकर धरून घरात परततील. तोपर्यंत शेजाऱ्यांकडे घराची दुसरी किल्ली ठेवावी. रात्री-अपरात्री हाक मारण्यास पत्नीला संकोच वाटू नये, म्हणून कोणत्या दोघांनी यायचे हे दिवसाउजेडी ठरवून घ्यावे. मुलाला पडण्याची हकीकत खरी खरी सांगावी. आणि बाजेच्या उशाशी, गुरुजींच्या डाव्या हाताला येईल अशी, देवघरातील लहान पितळी घंटा बांधून ठेवावी. हाक मारताना वाचा अडखळते. घंटा वाजविता येते.